सार्वजनिक आरोग्यविमा (नाशिक जिल्हा)

सरकारने हप्ता भरून, मालक-कामगारांकडून वर्गणी घेऊन किंवा थेट खर्च उचलून नागरिकांना मोफत उपचार मिळवून देण्याची व्यवस्था. नाशिक जिल्ह्यात तिची दोन मुख्य रूपे दिसतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे, तर बाकीच्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. विम्यात कोणाला घ्यायचे आणि ज्या उपचारांचे पैसे विमा भरणार ते मिळणार कुठे, या दोन प्रश्नांभोवती जिल्ह्यातले राजकारण फिरत आले आहे.

हा वाद स्वातंत्र्याइतका जुना आहे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली मांडले आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यांचे जाळे सुचवले. ते जाळे अपुरे राहिले. विमा मात्र आला, तोही आधी संघटित कामगारांना, १९४८ च्या कायद्याने. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय त्याच कायद्यावर चालते. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि आजारपणातील भत्ता हे सारे यात येते, त्यामुळे लाभांचा विचार करता हीच सर्वांत भरीव योजना ठरते. पण २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपयांवरच आहे. पगार त्यापुढे सरकला की कामगार बाहेर पडतो, म्हणून ही मर्यादा वाढवण्याची मागणी कामगार संघटना सतत करत आहेत.

शेतकरी, मजूर, फेरीवाले यांची पाळी फार उशिरा आली. काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू केली. शेजारचे धुळे त्यांत होते, नाशिक नव्हते. नाशिकचा समावेश नोव्हेंबर २०१३ मध्ये, योजना राज्यभर लागू झाली तेव्हा झाला. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे कवच होते. भाजप-शिवसेनेच्या राजवटीत, २०१७ साली, योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. श्रेय प्रत्येक सरकारने घेतले. रुग्णाचे नातेवाईक मात्र अजूनही ‘जीवनदायीत बसतं का?’ असेच विचारतात.

खरा झगडा शिधापत्रिकेवर झाला. पिवळे आणि केशरी कार्ड असेल तर लाभ, पांढरे असेल तर नाही, असा मूळ नियम होता. वार्षिक उत्पन्न एक लाखावर गेले की कार्ड पांढरे होते. विदर्भ-मराठवाड्यातील १४ आपत्तिग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले होते, पण त्या यादीत नाशिक नव्हते. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार एका गारपिटीत कर्जबाजारी होतो आणि लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळला की खर्चही निघत नाही, पण कार्डाचा रंग तोच राहतो. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, योजना तात्पुरती सर्वांना खुली झाली. सर्व कुटुंबांना पाच लाखांचे कवच देण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला आणि अंमल १ जुलै २०२४ पासून. नाशिकच्या बागायतदारावर दहा वर्षांहून अधिक काळ झालेला हा अन्याय होता, असेच म्हणावे लागेल.

रंगाची अट गेली तरी कार्ड सुटले नाही. रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची कागदपत्रे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलावर आधी शिधापत्रिका आणि आधार मागतात. नवी सून दाखल झाली असेल तर अडचण हमखास येते. माहेरच्या कार्डावरून तिचे नाव कमी झालेले असते आणि सासरच्या कार्डावर अजून चढलेले नसते. मग नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि सासू खाटेशेजारी, अशी वाटणी होते. आदिवासी पट्ट्यात तर फाटलेली, जीर्ण कार्डे आणि कुटुंबे वेगळी होऊनही एकत्रच राहिलेली कार्डे ही जुनी तक्रार आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी लाँग मार्चच्या मागण्यांत वनजमिनीबरोबर शिधापत्रिकांचा प्रश्नही होता. बातम्यांत तो मागे पडला, पण आरोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे होते.

दुसरा प्रश्न, उपचार मिळणार कुठे हा, मुख्यतः घाटाखालच्या गावांचा आहे. योजनेत मोठे उपचार करणारी बहुतेक रुग्णालये नाशिक शहरात आहेत. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाचे उपचार करणारे शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही शहरातच आहे. सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरच्या गावांतील माणसांना गुजरातमधले धरमपूर-वलसाड जवळ पडते. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ते, पाणी आणि दवाखान्यांच्या अभावाला कंटाळून यांतल्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली. आरोग्यसेवेच्या अभावावर याहून कडक शेरा जिल्ह्यात कोणी मारला नसेल. केंद्राच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला आयुष्मान कार्डावर गुजरातेतही उपचार घेता येतात. केवळ राज्याच्या यादीतल्या कुटुंबाला ती सोय नाही. एकाच पाड्यावरच्या दोन घरांत असा फरक पडतो.

खासगी रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. ठरलेले दर परवडत नाहीत आणि देयके रखडतात, ही त्यांची तक्रार आहे. रुग्णांची तक्रार याच्या उलट असते. मंजुरी मिळूनही बाहेरून औषधे आणायला सांगतात, असे ते म्हणतात. साधा ताप, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी या गोष्टी योजनेत नाहीत, आणि गरीब घराचा पैसा महिन्याच्या महिन्याला नेमका तिथेच जातो. जन आरोग्य अभियानासारख्या चळवळी विम्यावरचा पैसा सरकारी दवाखान्यांकडे वळवा म्हणतात, त्याचे कारण हेच. ते पटण्यासारखे आहे.

ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात आता केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. महापालिकेची रुग्णालये, म्हणजे नाशिकरोडचे बिटको किंवा डॉ. झाकीर हुसेन, या निर्णयाच्या कक्षेत आली नाहीत.