इंजिनिअरिंग टीमसाठी लॅपटॉप घेण्याआधी

‘दहा लॅपटॉप हवेत, चांगल्यातले, सगळे सारखे.’ भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडून आम्हाला बहुतेक वेळा अशीच मागणी येते. सगळे सारखे घेतले की हिशोब सोपा होतो, हे खरं आहे. पण डिझाइनर, पर्चेसवाला आणि साइटवर जाऊन पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) चालू करून देणारा इंजिनिअर यांची कामं सारखी नसतात. मग पैसे नको तिथे जातात आणि डिझाइनर मात्र असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं थ्रीडी मॉडेल) उघडायची वाट बघत बसतो. म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही तुमच्या ऑफिसात येऊन तासभर बसतो. त्याचे पैसे घेत नाही.

त्या तासात तुमच्या डिझाइनरला त्याची सगळ्यात जड असेंब्ली उघडायला सांगतो आणि शेजारी टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमवर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, चालू ठेवतो. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की मॉडेल पहिल्यापासून रिबिल्ड होतं, म्हणजे पुन्हा नव्याने तयार होतं. तेव्हा बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (काम करणाऱ्या भागावर) येतो, बाकीचे जवळपास रिकामे असतात. त्यामुळे मॉडेलिंगसाठी कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे ते बघावं. अ‍ॅनालिसिस आणि रेंडरिंग करणाऱ्याला मात्र जास्त कोअरचा खरोखर फायदा होतो. 16 जीबी रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर 32 जीबी घ्या, आणि ती पुढे वाढवता येते का हे आधी विचारा. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर काहीच करता येत नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल आमचं मत ठाम आहे. गेमिंग लॅपटॉप स्वस्त पडतो आणि वेगवानही असतो, पण सॉलिडवर्क्सने तपासून मान्य केलेल्या कार्डांच्या यादीत जीफोर्स, म्हणजे गेमिंगवाल्यांचं कार्ड, नसतं. मॉडेल खऱ्यासारखं दाखवणाऱ्या रिअलव्ह्यूचं बटण चालत नाही, आणि स्क्रीनवर काही बिघडलं तर सपोर्टवाले आधी कार्डच विचारतात. रोज आठ तास थ्रीडीत काम करणाऱ्याला वर्कस्टेशनचं कार्ड द्या. फक्त टूडी ड्रॉइंग करणाऱ्याला त्याची गरज नाही.

उष्णतेकडे कुणी लक्ष देत नाही. पातळ लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापतो आणि प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. दुकानातल्या एसीत हे समजत नाही, मे महिन्यात शॉप फ्लोअरवर समजतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा. जड कामाला ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ बघा. डेमो मशीन आम्ही दिवसभर तुमच्याकडे ठेवतो, तुमच्याच फाइलवर चालवून बघा.

साइटवर जाणाऱ्याला हलकं मशीन, टिकणारी बॅटरी आणि इथरनेटचं पोर्ट हवं. कारखान्यातल्या जुन्या मशीनना लॅपटॉप जोडायचा असेल तर यूएसबी-सीरियल अ‍ॅडॉप्टर लागतो; तो आधीच बॅगेत असावा, पॅनेलसमोर उभं राहिल्यावर आठवू नये.

जुने रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले) लॅपटॉप आम्हीही विकतो. पण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, आणि विंडोज 11 ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. त्याहून जुनं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी कंपनीसाठी घेऊ नका.

वॉरंटी ऑन-साइटच घ्या, म्हणजे दुरुस्तीवाला तुमच्याकडे येतो. डिझाइनरचं मशीन आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहिलं तर त्याचं ड्रॉइंग अडतं आणि पुढे डिस्पॅच अडतो. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरावर करून घ्या, म्हणजे 18 टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) हातचं जाणार नाही.

फोन करण्यापूर्वी कोण कोणतं सॉफ्टवेअर वापरतो आणि त्याची आवृत्ती कोणती, एवढं कागदावर लिहून ठेवा. बाकीचं आम्ही आल्यावर बघू.