कोल्हापूर–मुंबई विमान: पाऊण तासामागची ऐंशी वर्षं

कोल्हापूरहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, असं विचारलं तर कोल्हापूरकर आधी उलट विचारतो, ‘सध्या चालू आहे का?’ त्याचं चुकत नाही. अंतर कधी बदललं नाही, विमानं मात्र आली आणि गेली.

कोल्हापूर विमानतळ आहे त्या उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून मुंबई विमानतळापर्यंत हवेतलं सरळ अंतर सुमारे ३१० किलोमीटर. पुण्यावरून रस्त्याने ते ३८०च्या आसपास जातं आणि रेल्वेने थेट ५१८. रेल्वेचा आकडा फुगतो, कारण संस्थानाने १८९१ मध्ये टाकलेला लोहमार्ग मिरजेला जोडलेला आहे. गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाते, मग सांगली, कराड, सातारा करत पुण्याला. महालक्ष्मी एक्स्प्रेसची अख्खी रात्र त्यात जाते.

विमानतळ उभारला राजाराम महाराजांनी, म्हणजे शाहू महाराजांच्या चिरंजीवांनी. उद्घाटन १९३९ चं. टाटांचं टपाल विमान कराचीहून मुंबईला येऊन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. धावपट्टी राहिली, पण ती आखूड, त्यामुळे मोठ्या विमानांचा प्रश्नच नव्हता. पुढे किंगफिशरची एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी विमानं आली, कंपनी बुडाली तशी तीही गेली आणि काही वर्षं नियमित सेवाच उरली नाही.

मग छोटी शहरं विमानाने जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आली. तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी अडीच हजारांच्या आसपास भाडं, असा तिचा सुरुवातीचा हिशेब. एप्रिल २०१७ मधल्या पहिल्या उड्डाणांत आपलं नांदेड–हैदराबादही होतं. कोल्हापूर–मुंबई मार्गावर २०१८ मध्ये एअर डेक्कनचं छोटं बीचक्राफ्ट उतरलं, २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरचं एम्ब्राएर जेट. चार-पाच वर्षांत तीन कंपन्या!

पंख्याच्या विमानापेक्षा जेट बरंच वेगवान, पण एवढ्या छोट्या पल्ल्यात वाचतात ती दहा-एक मिनिटं. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात. त्यामुळे तिकिटावर पाऊण तास ते तास दिसतो. खरी अडचण मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. अशा गर्दीत छोट्या विमानाला सोयीचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, कोण देणार? त्यात कोल्हापूरला रात्री विमान उतरवायची परवानगी २०२२ च्या अखेरीस मिळाली. तोवर सकाळी जाऊन, मंत्रालयातलं काम उरकून रात्री विमानाने घरी परतणं शक्यच नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, पण मुंबईचा स्लॉट तिच्यामुळे मिळत नाही.