विधेयक अडते, मुदत थांबत नाही

डिसेंबर 2018च्या अखेरीस मेक्सिको सीमेवरील भिंतीच्या खर्चावरून अमेरिकेत पेच निर्माण झाला, सरकारी खर्चाला मंजुरी मिळाली नाही आणि केंद्र सरकारच्या अनेक खात्यांचे कामकाज 35 दिवस ठप्प राहिले. या वादाचा संगणकांशी काहीही संबंध नव्हता. तरीही त्या काळात सरकारी संकेतस्थळांच्या 80हून अधिक सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत संपली आणि नूतनीकरण करणारे कर्मचारी सक्तीच्या रजेवर असल्यामुळे ती तशीच राहिली.

आपला ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाशी जोडला जातो, तेव्हा समोरचा संगणक खरोखर त्याच संस्थेचा आहे की नाही, हे तो डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासतो. हे प्रमाणपत्र त्रयस्थ संस्था देते आणि त्याची मुदत मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते, कारण त्यामागची गुप्त किल्ली चोरीला गेलीच, तर चोराला तिचा उपयोग फार काळ करता येऊ नये. मुदत संपताच ब्राउझर धोक्याची सूचना देतो. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या एका संकेतस्थळाची व्यवस्था इतकी कडक होती, की सूचना डावलून आत जाण्याची सोयच नव्हती. सेवा बंद पडली, पण फसवणुकीचा मार्गही बंद राहिला. इतर काही ठिकाणी मात्र एका क्लिकवर सूचना ओलांडता येत होती. मला हा दुसरा प्रकार अधिक गंभीर वाटतो, कारण सरकारी संकेतस्थळावरची सूचना दुर्लक्षिण्याची सवय लागलेला नागरिक उद्या बनावट संकेतस्थळावरही तेच करील. शिवाय हे वेळापत्रक आता आणखी घट्ट होत आहे. प्रमाणपत्रांची कमाल मुदत 398 दिवसांवरून टप्प्याटप्प्याने 2029पर्यंत 47 दिवसांवर आणण्याचा निर्णय ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी 2025 साली घेतला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारचे कामकाज 43 दिवस बंद राहिले. नूतनीकरण स्वयंचलित नसेल, तर 2029नंतर एवढ्या मोठ्या खंडात सरकारची जवळजवळ सगळीच प्रमाणपत्रे बाद होतील.

सायबर सुरक्षा म्हणजे एकदा विकत घेऊन बसवण्याची वस्तू नव्हे. ती सतत करावी लागणारी देखभाल आहे, आणि अर्थसंकल्पाच्या भांडणात सर्वांत आधी देखभालच मागे पडते. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयात याची किंमत मोजावी लागली. या कार्यालयाच्या अंतर्गत महानिरीक्षकांनी सुरक्षेतील त्रुटींबद्दल वर्षानुवर्षे इशारे दिले होते. 2015 साली उघडकीस आलेल्या चोरीत सुमारे 2 कोटी 15 लाख लोकांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी आणि 56 लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले. या नोंदींत अर्जदाराचे जुने पत्ते, नातेवाईक, परदेशी ओळखी, कर्जे, मानसिक उपचार असा तपशील असतो. पासवर्ड बदलता येतो. बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, का केली नव्हती, हा प्रश्न तेव्हा वारंवार विचारला गेला. तो योग्य असला, तरी अपुरा होता. हल्लेखोर एका कंत्राटदाराची खरी लॉगिन माहिती वापरून आत शिरले होते, आणि वैध वापरकर्ता म्हणून शिरलेल्यासमोर प्रणाली स्वतःच कूटबद्ध माहिती उलगडून ठेवते. पासवर्डाबरोबर दुसरा पुरावा, म्हणजे कार्ड किंवा तात्पुरता सांकेतिक अंक, सर्वत्र सक्तीचा असता, तर ही वाट बरीच अवघड झाली असती. हे तंत्र तेव्हाही नवे नव्हते.

कायद्याच्या बाजूला काय चालले होते? वीज, पाणी यांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या संगणकांसाठी सुरक्षा मानके घालून देणारे विधेयक 2012 साली सिनेटसमोर आले. उद्योगांवर बोजा पडेल या आक्षेपामुळे सक्तीची मानके ऐच्छिक करण्यात आली. तरीही ऑगस्टमध्ये ते 52 विरुद्ध 46 मतांवर अडले, कारण चर्चा संपवून अंतिम मतदानाकडे जाण्यासाठी 60 मते लागतात. नोव्हेंबरमधील दुसरा प्रयत्नही असाच फसला.

अखेर डिसेंबर 2015मध्ये एका प्रचंड खर्च विधेयकाच्या पोटातून वेगळा, मर्यादित कायदा झाला. हल्ल्याच्या खुणा, म्हणजे संशयास्पद आयपी पत्ते (इंटरनेटवरील संगणकांचे क्रमांक) किंवा घातक फाइलींची ओळख पटवणारे अंक, परस्परांना व सरकारला कळवणाऱ्या कंपन्यांना त्याने कायदेशीर संरक्षण दिले. त्याची मुदत 30 सप्टेंबर 2025 रोजी संपली. सरकारच्या खर्चाची मंजुरी संपली तीही त्याच दिवशी. नूतनीकरणाला दोन्ही पक्षांत पाठिंबा होता, पण संबंधित सिनेट समितीचे अध्यक्ष रँड पॉल यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करून आधी केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेवर बंधने मागितली. त्यामुळे ऑक्टोबरभर हे संरक्षण नव्हते, आणि त्या संस्थेचे सुमारे दोन-तृतीयांश कर्मचारीही सक्तीच्या रजेवर होते. नोव्हेंबरमध्ये मिळालेली मुदतवाढ केवळ 30 जानेवारी 2026पर्यंतची होती.

या संस्थेवरचा राजकीय रोष 2020पासूनचा आहे. तिचे पहिले संचालक ख्रिस क्रेब्स यांनी त्या वर्षीच्या निवडणुकीतील गैरप्रकारांचे दावे खोडून काढले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विट करून त्यांना पदावरून दूर केले. मतमोजणी यंत्राच्या सुरक्षिततेसारख्या तांत्रिक निष्कर्षाला असा पक्षीय रंग चढला, की पुढचा प्रत्येक इशाराही संशयाने वाचला जातो.

काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, अडते तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्यकारी आदेश काढतात. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच हल्लेखोर नऊ केंद्रीय खात्यांत शिरल्याचे उघड झाल्यावर, मे 2021च्या आदेशाने खात्यांना दुहेरी पडताळणी आणि माहितीचे कूटबद्धीकरण सक्तीचे केले. हा उपाय चांगला होता, परंतु आदेशाने नवा पैसा मंजूर होत नाही आणि उत्तराधिकारी तो बदलू शकतो. जानेवारी 2025मधील पुढच्या आदेशाने सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या सुरक्षाविषयक हमीपत्रांवर जी पडताळणी लादली होती, ती जूनमध्येच वगळण्यात आली. माझ्या मते किमान दोन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत: सुरक्षाविषयक कायद्यांची मुदत खर्चमंजुरीच्या तारखेपासून वेगळी ठेवणे, आणि प्रमाणपत्रे, दुरुस्त्या व नोंदींवरील देखरेख यांसाठी अनेक वर्षांचा निधी एकदाच मंजूर करणे.