स्क्रू आवळला, पण माउंट बसला का?

रायफलवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, माउंटनं, म्हणजे स्कोप धरून ठेवणाऱ्या जोडणीनं, चढवलेला आहे, स्क्रू घट्ट आहेत, हलवून पाहिलं तर काहीच हलत नाही. तरी गोळ्या एका जागी पडत नाहीत, नाहीतर स्कोपचा खटका, म्हणजे नेम थोडा थोडा सरकवणारी चकती, शेवटपर्यंत फिरवूनही नेम मध्यावर येत नाही. अशा वेळी शिव्या काचांना बसतात. गुन्हेगार पुष्कळदा खालच्या पट्टीत लपलेला असतो.

एक साधी तपासणी करता येते. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, तिचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढून ठेवा. ज्या खाचांच्या पट्टीवर स्कोपच्या रिंगा बसतात, त्या रेलचे मागचे स्क्रू काढा. पुढचे आवळलेलेच राहू द्या. आता रेलच्या मागच्या टोकाखाली प्रिंटरचा कागद सरकवून पाहा. कागद आत गेला, तर रेल मुळात बसलेली नव्हतीच. स्क्रूंनी तिला वाकवून खाली दाबून धरलं होतं.

हा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. दोन रिंगांमध्ये 100 मिलिमीटर अंतर असेल आणि एक रिंग दुसरीपेक्षा कागदाएवढी वर असेल, तर स्कोप हजारात एक इतका कलतो. 100 मीटरवर हजारात एक म्हणजे 10 सेंटिमीटर! स्कोपचा एक खटका 100 मीटरवर 1 सेंटिमीटर सरकवणारा असेल, तर दहा खटके त्या एका कागदानं खाल्ले.

नुसता कल असता तर खटके फिरवून भागलं असतं. खरं दुखणं वाकण्याचं आहे. रेल वाकली की दोन्ही रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि त्या स्कोपच्या नळीलाही वाकवू पाहतात. नळीच्या आत दुसरी छोटी नळी असते. खटके तिला ढकलतात, स्प्रिंग तिला परत रेटते. बाहेरची नळी पिळली किंवा चिमटली गेली की आतली अडखळते. खटका वाजतो, पण नेम हलत नाही, आणि दोन गोळ्या झाडल्यावर अचानक हलतो.

फट असेल तर ती इपॉक्सीनं भरायची. रेलच्या मागच्या भागाखाली इपॉक्सी लावायची, पुढचे स्क्रू आवळायचे, मागचे नुसते टेकवायचे आणि ती पुरती सुकू द्यायची. त्याआधी रायफलच्या पृष्ठभागावर मेण चोळायला विसरू नका, आणि स्क्रूंच्या आट्यांनाही. आटे विसरणारे पुढे रेल काढताना रडतात. इपॉक्सी त्या फटीचा हुबेहूब साचा घेते आणि रेल न वाकता टेकते.

रेल सरळ आहे, पण स्कोपच भलतीकडे पाहतो, हे दुखणं वेगळं. त्यावर शिम, म्हणजे पातळ पत्रा, लागतो. मागच्या बाजूला पत्रा घातला की गोळी वर लागते. हे उलटं वाटतं खरं; पण स्कोपची शेपूट उचलली की त्याचं तोंड खाली वळतं, आणि नेम परत निशाण्यावर आणायला आपण रायफलच्या नळीचं तोंड वर करतो. पत्रा माउंटच्या बेसखाली, म्हणजे रेलखाली, घालावा. एकाच रिंगेत घातला तर स्कोपची नळी पुन्हा वाकणारच.

रिंगा घासण्याच्या, म्हणजे लॅपिंगच्या, बाबतीत माझं मत जरा कडू आहे: लोक हौसेनं जास्त घासतात. स्कोपच्याच जाडीची, 25.4 किंवा 30 मिलिमीटरची, पोलादी सळई घासपेस्ट लावून रिंगांमध्ये पुढेमागे फिरवतात. रिंग जिथे टेकते तिथला काळा थर उडून धातू चमकतो. तीन चतुर्थांश भाग चमकला की थांबावं. शंभर टक्क्यांच्या नादात भोक मोठं होतं आणि पकडच जाते. घासलेल्या रिंगेची टोपी तिच्याच जागी, त्याच दिशेनं परत बसली पाहिजे, म्हणून आधी खुणा करून ठेवाव्यात.

मग खाचेचं माप. 1995 सालच्या पिकाटिनी या रेलच्या मानकात खाच 5.23 मिलिमीटर रुंद आहे. जुन्या वीव्हर पद्धतीत 4.57. वीव्हरचा माउंट पिकाटिनी रेलवर चढतो, पण त्याचा खाचेत बसणारा आडवा बोल्ट, म्हणजे आवळायचा स्क्रू, तिथे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खेळतो. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि जड स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलवर पुढे सरकतो. म्हणून माउंट पुढे रेटून, बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळावा. स्प्रिंगच्या एअर रायफलचं तंत्र उलटं. तिथे पिस्टन पुढे जाऊन थांबतो, रायफलला पुढे हिसका बसतो आणि स्कोप हळूहळू मागे घसरतो. तिच्या माउंटला अडवणारी खुंटी असते ती त्यासाठीच.

रिंगांच्या स्क्रूंना साधारण 2 न्यूटन-मीटर पुरतात, तरी उत्पादकानं दिलेला आकडा पाहावा. 10 सेंटिमीटरच्या किल्लीच्या टोकाला 2 किलोचं वजन टांगावं, तेवढाच हा जोर. शेवटी रिंग आणि नळी यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. वीसेक गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर माउंट अजून बसलेला नाही.