सांगलीतील नळाचे पाणी : जडपणा व गुणवत्ता

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. पाण्याच्या या गुणाला जडपणा म्हणतात. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन व त्याच्या उलट पाण्याला सुफेन म्हटले आहे. घरात मात्र ‘जड पाणी’, ‘क्षाराचं पाणी’ आणि चवच बिघडली असेल तर ‘मचूळ’ किंवा ‘सवळ’ असे बोलले जाते. सांगली, मिरज व कुपवाड ही शहरे ९ फेब्रुवारी १९९८ पासून एकाच महानगरपालिकेत आहेत. येथील पुष्कळ घरांत दोन पाणी असतात : कृष्णेचे नळाचे, ते प्यायचे, आणि बोअरचे, ते वापरायचे. जडपणाची तक्रार बहुतांशी दुसऱ्या पाण्याची असते, साथीचे आजार बहुधा पहिल्यातून येतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते. दोन्ही नद्यांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धो धो पावसाचे असते. ते खडकात फार काळ मुरून राहत नाही, म्हणून त्यात क्षार कमी उतरतात. वारणा मात्र हरिपूरजवळ, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला, कृष्णेला मिळते. त्यामुळे तिचे पाणी सांगलीच्या कृष्णाकाठच्या उपशाला आपोआप लाभत नाही. वारणेतून स्वतंत्र नळाने पाणी आणावे ही शहरातील जुनी मागणी आहे, आणि तिला हे भौगोलिक कारण आहे.

नळाचे पाणी वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात ते सुफेन पण गढूळ असते. माती बसवण्यासाठी शुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा तत्सम रसायन जास्त घालावे लागते. उन्हाळ्यात पाणी नितळ दिसते, पण प्रवाह आटलेला असतो, नदीत शेतातून पाझरून आलेल्या पाण्याचा वाटा वाढतो आणि त्याबरोबर क्षारही वाढतात. कोयनेतून पाणी सोडले, की पुन्हा फरक पडतो. २०२३ च्या पावसाळ्यानंतर सांगलीत नदीचे पात्र कोरडे पडले होते. अशा वेळी पाणी पुरेल का, याइतकाच ते कसे असेल हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, कारण सांडपाणी मिसळणे चालूच राहते आणि ते पातळ करायला नदीत पाणी उरत नाही.

बोअरच्या पाण्याचे गणित वेगळे आहे. शहराखाली दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट, आहे. त्यातील खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम दोन्ही असतात. मातीतून झिरपताना पावसाचे पाणी कार्बन डायॉक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांतून सावकाश सरकताना ही द्रव्ये विरघळवते. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचीही भर पडते. कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाटाचे पाणी दिले गेले. पाणी पीक शोषते, काही हवेत उडून जाते, आणि क्षार मागे राहतात. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील क्षारपड जमिनी हा त्याचाच दृश्य परिणाम. जी गोष्ट शेताच्या वाफ्यात पांढऱ्या पापुद्र्याने दिसते, तीच भूजलात न दिसता साठते. सखल भागात, जेथे ड्रेनेज नाही व शौचखड्डे आहेत, तेथे बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि जंतू उतरण्याचा धोका असतो. तो चवीवरून कळत नाही.

जड पाण्याचा ताप सर्वांत जास्त स्वयंपाकघरात जाणवतो. तूरडाळ, हरभरा, मटकी यांच्या पेशींना एकत्र धरणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियम जोडले जाते आणि ते न विरघळणारे बनते; मग कुकरच्या कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा टणकच राहतो. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ मऊ होते, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून तो नेहमीचा उपाय होऊ नये. डाळ नळाच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवणे हा उपाय अधिक बरा. पाणी उकळले की बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट होते आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. या जडपणाला तात्पुरता म्हणतात; बेसाल्टमधील भूजलात प्रायः हाच अधिक असतो. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेला कायमचा जडपणा उकळून जात नाही. गिझरच्या कॉइलवर हाच थर साचतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. नळाच्या जाळीवरचा थर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने सुटतो.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण जडपणा प्रतिलिटर २०० मिग्रॅ.पर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० मिग्रॅ.पर्यंत चालते. विरघळलेल्या एकूण घटकांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे ५०० व २,००० आहेत. नायट्रेटच्या ४५ मिग्रॅ. या मर्यादेला मात्र सवलत नाही. जंतूंबाबतही नाही : १०० मिलि. पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो हा समज सांगलीत घट्ट आहे, पण त्याला ठोस आधार नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे कितीतरी खात्रीचे कारण आहे.

खरी काळजी करावी ती दूषित पाण्याची. शहराचे सांडपाणी घेऊन येणारा शेरीनाला कृष्णेला मिळतो. ते पाणी उचलून धुळगावला नेऊन, प्रक्रिया करून शेतीला देण्याची योजना आखली गेली. तरी नाल्याचे पाणी नदीत जाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणीही वाटेत बिघडू शकते. पाणी ठरावीक वेळीच सुटते; उरलेल्या वेळी नळ्यांत दाब नसतो, आणि गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. गॅस्ट्रो, विषमज्वर व ‘हेपॅटायटिस ई’ची कावीळ या वाटेने घरात येतात. ही कावीळ गर्भवतींना विशेष घातक ठरते. यावरचे संरक्षण म्हणजे पाण्यात शिल्लक असणारा क्लोरीन, किमान ०.२ मिग्रॅ. प्रतिलिटर. नळाला येणारा हलका औषधी वास अनेकांना खटकतो, पण साथीच्या दिवसांत तो असणेच चांगले.

पाण्यातले क्षार गाळून काढणाऱ्या, घरोघरी विकल्या जाणाऱ्या आरओ यंत्रांचे प्रात्यक्षिक येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. विक्रेता नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतो, पाणी तपकिरी होते, आणि ती घाण असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते कांडीचे लोखंड असते. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. टीडीएस मीटरसुद्धा विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आरओ यंत्र एक लिटर पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर सांडते. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये निर्देश दिले होते. बोअरचेच पाणी प्यावे लागते तेथे आरओला अर्थ आहे. कृष्णेच्या पाण्याला बहुतेक वेळा गाळणे व उकळणे पुरते, किंवा अतिनील किरणांचे यंत्र. मात्र त्या यंत्राला नितळ पाणी लागते. सोसायटीच्या बोअरला बसवलेला सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारे यंत्र, कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. ते पाणी आंघोळीला व गिझरला उत्तम. मीठ वर्ज्य असलेल्यांनी ते पिऊ नये.

पुराच्या काळात हे सारे हिशेब बदलतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी व ४५ फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पंपगृहे पाण्याखाली गेली की सगळीकडे पूर असताना नळ कोरडे पडतात. पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाक्या उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतल्याशिवाय भरू नयेत. बुडालेल्या बोअरचे पाणी क्लोरीन घालून उपसून टाकावे आणि तपासून घेतल्यावरच वापरात आणावे. रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी, नळ थोडा वेळ वाहू देऊन ती भरावी आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावा.