मोटर बदलायच्या आधी पाईप पाहा

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत पाणी कमी पोहोचलं की पहिला सल्ला ठरलेला, "भाऊ, मोटर मोठी टाक." पाईपाकडे कोणी पाहतच नाही.

आता असं पहा, विहिरीपासून वावर 300 मीटर, जमीन सपाट, सेकंदाला 5 लिटर पाणी न्यायचंय आणि पाईप आतून 50 मिलिमीटरचा. हिशोब केला तर नुसत्या घर्षणात सुमारे 34 मीटर हेड जातं, म्हणजे तेवढं उंच पाणी चढवता आलं असतं इतका जोर वाटेतच संपला! तोच पाईप 75 मिलिमीटरचा घ्या, लॉस, म्हणजे वाटेत वाया गेलेलं हेड, 5 मीटरच्या आसपास. मधल्या फरकाचे जवळपास दोन एचपी होतात. प्रत्यक्षात पंप एवढं ओढत बसत नाही, तो पाणीच कमी देतो, अन आपण मोटरला शिव्या देतो.

होतं काय, तर पाईपाच्या भिंतीला टेकलेलं पाणी जागचं हलत नाही आणि मधलं पळतं, या ओढाताणीत अन भोवऱ्यांत जोर जिरतो, त्याची उष्णता होते. हात लावून कळणार नाही म्हणा, 34 मीटर गेले तरी पाणी 0.1 अंशानंही तापत नाही.

फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी आणणारा इंजिनिअर हेन्री दार्सी यानं पाईपांवरचे प्रयोग 1857 साली छापले. त्याच्या आणि जर्मनीच्या वाइसबाखच्या नावानं जे सूत्र चालतं त्यात लॉस लांबीच्या प्रमाणात वाढतो पण वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचं तर वेग चौपट, त्याचा वर्ग 16, वर व्यास निम्मा म्हणून आणखी दुप्पट, असा लॉस जवळपास 32 पट.

"पण नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडते ना?" उडतेच. कारण अंगठ्यानं पाणी कमी झालं, मागच्या नळीतला लॉसही घटला अन वाचलेलं प्रेशर तोंडाशी आलं. अख्खी लाईनच बारीक केली तर हे होणार नाही.

सक्शनला, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंतच्या पाईपाला, तर काटकसर नकोच. तिथं पाणी हवेच्या दाबानं वर येतं, हिशोबानं फार तर 10 मीटर, प्रत्यक्षात 6-7, आणि बारीक पाईप, जादा एल्बो (वळणाचे जोड), कचरा अडकलेला फूटव्हॉल्व्ह (पाईपाच्या तळाची झडप), सगळ्यांचा लॉस त्यातूनच वजा होतो.