ओंडक्यावर शिडी कशासाठी?

आडव्या ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी बसवून तिच्यावरून चेनसॉ सरकवत फळ्या चिरणारे लोक हल्ली अनेक चित्रफितींत दिसतात. करवत डावी-उजवीकडे जाऊ नये म्हणून ती शिडी असते, असा समज होतो. पण तिचे काम वेगळेच आहे. कॅलिफोर्नियातील ग्रॅनबर्ग कंपनीच्या 'अलास्कन मिल'सारख्या चौकटीत पाते आडवे बसते आणि चौकट ज्या पृष्ठभागावरून सरकते त्यापासून ठरावीक खोलीवर कापत जाते. ओबडधोबड ओंडक्यावर असा सपाट पृष्ठभाग नसतो, म्हणून पहिल्या कापापुरता तो बाहेरून आणावा लागतो. पुढचे सर्व काप आधीच्या कापलेल्या पृष्ठावरून होतात.

खरी गंमत इथेच आहे. शिडी मध्ये झोळली, तर तो बाक पहिल्या पृष्ठावर उतरतो आणि तिथून प्रत्येक फळीत जातो. फळीची जाडी सगळीकडे सारखी भरते, तरी टेबलावर ठेवली की ती डुगडुगते. दोन आधारांमधील पट्टीचा मध्यावरचा वाक हा भार गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ पट स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाचा ताठपणा) व छेदाचे निरूढी परिबल (छेदाच्या आकारामुळे येणारा ताठपणा) यांचा गुणाकार, इतका असतो. यातला घन महत्त्वाचा. २४० सेंमी अंतरावर ४ मिमी, म्हणजे सुतारांच्या भाषेत सव्वा सूत झोळणारी पट्टी १२० सेंमीवर आधार दिल्यास अर्धाच मिलिमीटर झोळते. तोच नियम उंचीला उलटा लागू होतो: भरीव पट्टीची उभी जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते. म्हणून शिडीऐवजी फळी वापरायची तर रुंद, चपट्या फळीपेक्षा कडेवर उभी ठेवलेली अरुंद फळी चांगली.

बाकापेक्षा पीळ अधिक फसवा असतो. तो तपासण्यासाठी शिडीच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून नजर लावावी. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. ओंडका स्वतः पाणसळीत असण्याची गरज नाही, शिडीच्या दोन्ही टोकांचा कल सारखा असला की पुरते. फळी पिळवटली की झाड चुकीच्या तिथीला तोडले असे म्हणणारे भेटतात. त्यांनी आधी या दोन पट्ट्या ठेवून पाहाव्यात.

शिडी ओंडक्याच्या दोन्ही टोकांबाहेर वीतभर असावी, कारण शिरताना व बाहेर पडताना चौकटीला आधार नसेल तर टोकाशी खड्डा पडतो. तिला धरणारे स्क्रू कापाच्या पातळीपर्यंत पोचू देऊ नयेत. साखळीही चिरकामाचीच हवी: आडव्या तोडीसाठी दात साधारण ३० अंशांवर घासतात, चिरण्यासाठी १० अंशांच्या आसपास.